वाळवंटातलं कॉलेज, लसूणघास आणि आपलं अमळनेर : मुलीला काय सांगू?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरी तीन एकर शेती, दोन गाई, एक म्हैस. मुलगी अकरावीला आहे. दहावीला तिला 88 टक्के पडले तेव्हा अख्ख्या गावाने धरूनच ठेवलं होतं की पोरगी सायन्सला जाणार. ती स्वतःहून आर्ट्सला गेली. भावकीत अजून त्यावरून बोलणं होतं. माझी आई तर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तिला विचारते, "काय शिकी ऱ्हायनी व बाई तू? त्यामा पोट भरस का?"

गेल्या महिन्यापासून तिने नवीन विषय काढला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात 'डीप स्प्रिंग्स' नावाचं एक कॉलेज आहे म्हणे. विद्यार्थी सगळे मिळून पंचवीस-तीस. पहाटे गाई दोहायच्या, लसूणघास कापायचा, स्वयंपाकघर सांभाळायचं, आणि मग बसून तत्त्वज्ञान, इतिहास, गणित वाचायचं. आणि शिकवण्याची फी घेतच नाहीत. "पप्पा, दूध काढता तर मला येतंच," असं ती म्हणाली. मला आधी हसू आलं. नंतर रात्रभर वाटत राहिलं, हसायला नको होतं.

माझ्या शंका अशा. हे कॉलेज खरंच आहे का, की पोरांना फसवायचा प्रकार आहे? हे 'लिबरल आर्ट्स' म्हणजे नेमकं काय, माझ्या आईला कळेल अशा शब्दांत सांगता येईल का? आणि तिसरी गोष्ट, आमचे केंद्रप्रमुख परवा बोलता बोलता म्हणाले, "अहो गुरुजी, असलं काहीतरी शंभर वर्षांपूर्वी अमळनेरला होतं." ते काय होतं? कोणी जाणकार असतील तर सांगा.

भुसावळ_जंक्शन

सर, मी रेल्वेत आहे, शिक्षणातला माणूस नाही. पण दोन मुलींचा बाप आहे म्हणून लिहितो. कॉलेज चांगलं असेल हो, पण दोन वर्षांनी पुढे काय, हे आधी विचारा. व्हिसा, विमानाचं भाडं, आजारपण, हे सगळं फी माफ असली तरी आपल्याच माथी असतं. मुलीला नाही म्हणू नका, पण एकाच दाराशी उभं करू नका. इकडेही दोन-तीन ठिकाणी फॉर्म भरून ठेवा.

रावेरकर_परदेशी

काका, कॉलेज खरं आहे. मी इथे एम.एस. करत असताना आमच्या विद्यापीठात डीप स्प्रिंग्सहून आलेला एक मुलगा माझ्या ओळखीचा होता. तिथे दोन वर्षांचाच अभ्यासक्रम असतो, नंतर मुलं मोठ्या विद्यापीठांत जाऊन पदवी पुरी करतात. भुसावळच्या काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो मला फार आवडतो. एल. एल. नन नावाचा उद्योजक होता. 1891 मध्ये कोलोरॅडोतल्या टेल्युराइडच्या सोन्याच्या खाणींसाठी त्याने डोंगरातल्या पाण्यावर वीज तयार करून ती तारांवरून काही मैल लांब नेली. अल्टरनेटिंग करंट तेव्हा नवाच होता. वीजकेंद्रं चालवायला शिकलेली माणसं मिळेनात, म्हणून त्याने कामावरच्या पोरांनाच शिकवायला सुरुवात केली. दिवसा यंत्रावर काम, उरलेल्या वेळात पुस्तकं. त्यातून त्याला शिक्षणाचाच नाद लागला आणि 1917 मध्ये त्याने त्या ओसाड खोऱ्यात गुरांचा मळा घेऊन हे कॉलेज काढलं. तीन गोष्टी त्याने धरून ठेवल्या: अभ्यास, अंगमेहनत आणि स्वतःचा कारभार स्वतः. आजही मुलांनी आठवड्याला 20 तास काम करायचं असतं. नवीन विद्यार्थी निवडायला, प्राध्यापक नेमायला, कोणते विषय शिकवायचे ते ठरवायला मुलांच्याच समित्या बसतात. सत्र चालू असताना खोरं सोडून बाहेर जायचं नाही, हा नियमही मुलांनीच स्वतःवर घालून घेतलेला.

तो मुलगा मला म्हणाला होता की पहिल्या हिवाळ्यात पहाटे साडेचारला गोठ्यात जाताना त्याला रडू यायचं, आणि दुसऱ्या वर्षी त्याच वेळेला त्याला सगळ्यात चांगलं सुचायचं. त्याच्या हाताला तोवर घट्टे पडले होते. माझ्या वडिलांच्या हातासारखे. केळीच्या बागेत काम करणाऱ्या माणसाचे हात मी ओळखते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे कॉलेज शंभर वर्षं फक्त मुलग्यांचं होतं. ननच्या दस्तऐवजात तसं लिहिलेलं होतं. 2011 मध्ये विश्वस्तांनी मुलींना घ्यायचं ठरवलं, प्रकरण कोर्टात गेलं, सहा वर्षं चाललं. पहिल्या मुली 2018 मध्ये आल्या. म्हणजे तुमची लेक ज्या दाराकडे बघतेय ते दार आता आता उघडलं आहे. प्रवेश फार कठीण आहे, पुष्कळ निबंध लिहावे लागतात. पण लसूणघास म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही अशी मुलगी त्यांना नक्की हवी असेल.

बोरीकाठ

गुरुजी, तुमच्या केंद्रप्रमुखांनी बरोबर सांगितलं. मी अमळनेरचा, वय 64. आमचे आजोबा प्रताप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. मी 30 वर्षं ग्रंथालयांत काढली, आधी परिचर म्हणून, मग ग्रंथपालाचा हाताखालचा माणूस म्हणून. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. पण हे सगळं मी पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता वाचलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ननने कॉलेज काढलं 1917 मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी, 1916 साली, अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. इंग्रजीत त्याचं नाव 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी'. काढणारे श्रीमंत प्रताप शेठ, कापडगिरणीचे मालक. तिकडे विजेचा कारखानदार, इकडे कापसाचा. दोघांची एकमेकांना खबरसुद्धा नसेल. रावेरकरताईंचं लिहिणं वाचलं तेव्हा मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

पैसेवाला माणूस आपल्याकडे काय करतो? देऊळ बांधतो, धर्मशाळा बांधतो, नदीला घाट बांधतो. आमच्या गावाला तर सखाराम महाराजांची वाडी आहे, वैशाखात बोरीच्या पात्रात यात्रा भरते, दानधर्माला जागा पुष्कळ. प्रताप शेठांनी काय केलं, तर विचार करणाऱ्या माणसांना राहायला जागा दिली, विद्यावेतन दिलं आणि सांगितलं, बसा आणि वेदान्ताचा नीट विचार करा. कापसाच्या गावात! तेव्हाच्या पूर्व खानदेशात तेव्हा एकही कॉलेज नव्हतं. पुढच्या शिक्षणाला पोरगा पुण्या-मुंबईला जायचा, आणि इथे मात्र देशभरातले पदवीधर तापी व्हॅलीच्या गाडीने अमळनेरला उतरत होते.

कोण कोण होतं ते सांगतो. जी. आर. मलकानी, सिंधकडचे. त्यांनी तर आयुष्याची अनेक दशकं या संस्थेला दिली. रासविहारी दास, बंगालचे. टी. आर. व्ही. मूर्ती, दक्षिणेकडचे, ज्यांचं बौद्धांच्या 'माध्यमिक' नावाच्या पंथाच्या तत्त्वज्ञानावरचं 1955 चं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं. या तिघांनी मिळून 1933 साली 'अज्ञान' नावाचं पुस्तक काढलं. विषय एकच, अज्ञान म्हणजे काय. आणि तिघांची मतं वेगळी! एकमत करून एक पुस्तक लिहिलं नाही, तिघांनी आपापलं म्हणणं शेजारी शेजारी ठेवलं. गुरुजी, तुमच्या आईंना लिबरल आर्ट्स समजावून सांगायचं तर मी हेच सांगेन. तीन शहाणी माणसं एका ओट्यावर बसतात, एकच गोष्ट धरतात, एकमेकांचं खोडून काढतात आणि तरी रात्री एका पंगतीला जेवतात. हे शिकायला वेळ लागतो, जागा लागते, आणि त्या वेळात पोटाची काळजी दुसऱ्या कोणीतरी उचललेली असावी लागते. पोट भरस का, हा आईंचा प्रश्न म्हणूनच चुकीचा नाही. प्रताप शेठांनी आधी त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

1925 पासून इथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' नावाचं त्रैमासिक निघायला लागलं. 1933 ते 35 या काळात संस्थेचे संचालक होते कृष्णचंद्र भट्टाचार्य. हे नाव आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. गेल्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञांत त्यांना फार वरचं स्थान देतात. मी पुण्याला ग्रंथालयाच्या प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या कपाटात एक पातळसं इंग्रजी पुस्तक हाताला लागलं, 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम', भट्टाचार्यांचं. यादीत नोंदवायला मुखपृष्ठामागचं पान उलटलं, तर प्रकाशनाचं गाव छापलेलं, अमळनेर. साल 1930. आजूबाजूची पुस्तकं लंडनची, कलकत्त्याची, आणि मध्ये माझं गाव. मी त्या पानावर हात ठेवून किती वेळ उभा होतो माहीत नाही. पुस्तकातलं मला तेव्हा एक पान कळलं नाही. पुढे वीस वर्षांत थोडं थोडं कळलं.

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

साने गुरुजी अमळनेरला पहिल्यांदा आले ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. शाळेत नोकरी नंतर. पण त्यांचा जीव तिथे रमला नाही आणि 1924 साली ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. पोरांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणं आवरली, आणि रोज स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढलं. खेड्यातून आलेल्या पोरांना त्यात जगातल्या बातम्या असायच्या, थोरांच्या गोष्टी असायच्या, आणि कोणी काय चुकलं तेही मायेने लिहिलेलं असायचं. 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. दोन वर्षांनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेणारा हात गुरुजींचाच.

एकाच गावात, एकाच दानशूर माणसाच्या सावलीत, या दोन शाळा होत्या. एकीतून जे जगभर गेलं ते इंग्रजीत गेलं. साच्यावरच्या माझ्या आजोबांना त्यातलं अक्षर कळायची सोय नव्हती. भोंगा झाला की ते तत्त्वज्ञान मंदिरावरून चालत घरी यायचे आणि आत काय चालतं याचा त्यांना पत्ता नव्हता. दुसरी मराठीत होती, शाईने हाताने लिहिलेली, आणि ती खानदेशच्या घराघरात पोचली. मला विचाराल तर लिबरल आर्ट्स, म्हणजे मन मोकळं करणारं शिक्षण म्हणतात ते छात्रालयात जास्त घडलं. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, हे दुखणं भट्टाचार्यांना स्वतःला कळलेलं होतं. अमळनेरला संचालक होण्याआधी त्यांनी हुगळीच्या विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिलं होतं, विचारांतल्या स्वराज्यावर. आपण उसन्या कल्पना पारखून न घेता डोक्यात भरतो, आपल्या भाषेत त्या घासून पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते व्याख्यान छापून आलं त्यांच्या मृत्यूनंतर.

पुढचं भराभर सांगतो. 1945 ला अमळनेरला प्रताप कॉलेज झालं. त्याच वर्षी गावात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. कॉलेज आधी मुंबई विद्यापीठाकडे, मग पुण्याकडे, 1990 पासून जळगावच्या विद्यापीठाकडे. त्रैमासिक साठच्या दशकात थांबलं. 1973 पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' सुरू केलं, त्यावर अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचंही नाव असायचं. साहित्य संमेलन आमच्याकडे दोनदा झालं, 1952 ला आणि 2024 ला. दुसऱ्या वेळी मी तिन्ही दिवस मांडवात होतो. तत्त्वज्ञान मंदिर कुठे आहे असं मला दोनच माणसांनी विचारलं. दोघंही बाहेरगावची.

एक दुखरी आठवण आहे. मी नोकरीला होतो त्या एका कॉलेजात, नाव घेत नाही, जुने बांधीव अंक रद्दीत काढायची यादी माझ्याकडूनच करून घेतली. वाळवी लागलेली, वाचक नाही, जागा अडते, ही कारणं. यादीत या त्रैमासिकाचे सात खंड होते. मी सही केली. नोकरी नवी होती, घरी लहान मुलं होती. ती सही मला अजून दिसते.

पांझराकाठ

बोरीकाठ दादा, तुमचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. पण एक सांगते. तुम्ही घेतलेल्या नावांत बाई एकही नाही. तिकडच्या कॉलेजातही 2018 पर्यंत नव्हती. म्हणून मला जुन्या काळाचं तेवढं भारावलेपण येत नाही.

मी शिंदखेडा तालुक्यातली, बी.ए. तत्त्वज्ञान, 1996. आमच्या वर्गात आम्ही चौघं, त्यात मी एकटी मुलगी. खोली घेऊन राहत होते. डबा गावाहून एसटीने यायचा, झाकणावर ऑइलपेंटने आडनाव लिहिलेलं. कंडक्टर स्टँडवर ठेवून जायचा. कळण्याची भाकरी आणि ठेचा, पावसाळ्यात गाडी बंद पडली की तोही नाही. कपाशीला भाव नव्हता त्या वर्षी वडिलांनी शिक्षण बंद करायचं ठरवलं होतं. सरांनी घरी येऊन बाबांना समजावलं. ते दोन तास बोलले, आणि तत्त्वज्ञानाबद्दल एक शब्द नाही, सगळं कपाशीबद्दल.

त्या पदवीने मला नोकरी दिली नाही. मी आज बचत गटांचं काम बघते. पण बँकेचा माणूस छापील कागद पुढे करून "इथे सही करा ताई" म्हणतो तेव्हा मी आधी विचारते, "याचा अर्थ काय?" आणि अर्थ कळेपर्यंत गप्प बसून राहते. आमच्या गटातल्या बाया आता तसंच करतात. दादांची सही वाचून मला हे आठवलं. दादा, तुम्ही एकटे होतात. तुमच्या बाजूला बसायला कोणीतरी पाहिजे होतं.

गुरुजी, माझं म्हणणं इतकंच. लेकीला वाळवंटात जायचंय तर अर्ज भरू द्या. पण भुसावळचे दादा म्हणतात तसं इकडचंही बघा. बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, भोपाळलाही त्यांचं विद्यापीठ आहे. बी.ए.ला तिथे घरच्या परिस्थितीप्रमाणे शिष्यवृत्ती देतात. भुसावळहून भोपाळ एका गाडीत होतं. वर दादांनी सांगितलेली वनस्पती तुपाची कंपनी, तिथलाच पैसा फिरून आता तिकडे मुलांना शिकवतोय. आपल्या पोरीने त्यावर हक्क सांगायला काय हरकत आहे?

बोरीकाठ

ताई, तुमचं बरोबर आहे. बाईचं नाव नाही हे मी लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नाही.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर हा सगळा धागा मी घरात मोठ्याने वाचला. आई शेवटपर्यंत बसली. तीन शहाणे एका ओट्यावर बसतात तिथे आल्यावर म्हणाली, "मंग तठे पोरीस्ले बसू देतस का?" मुलगी म्हणाली, आता देतात.

भोपाळचा फॉर्म भरायचा ठरलं आहे. अमेरिकेचाही भरणार. निबंध ती आधी मराठीत लिहिते आहे, मग इंग्रजी करू. पहिला निबंध आमच्या कपिला गाईवर आहे. कपिला मागच्या उन्हाळ्यात विकावी लागली होती, चारा नव्हता म्हणून. त्या दिवशी मुलगी शाळेत गेली नव्हती, एवढंच मला माहीत होतं. तिने त्या दिवशी काय विचार केला ते मी काल पहिल्यांदा वाचलं.

बोरीकाठ नाना, एक विनंती. तिला तत्त्वज्ञान मंदिर बघायचं आहे, आणि 'अमळनेर' छापलेलं ते पान कुठे बघायला मिळत असेल तर तेही. येत्या रविवारी सकाळच्या चोपडा–अमळनेर गाडीने आम्ही दोघं येतो. स्टँडवर उतरून तुम्हाला कुठे भेटू? आणि घरचं कळण्याचं पीठ आणतोय, नको म्हणू नका.

बोरीकाठ

स्टँडवरच थांबतो. तुमच्या गाडीच्या अर्धा तास आधीपासून.